तुझ्या यादीत नसलेला रकाना

प्रिय पोरी,

कुठली स्पोर्ट बाइक घ्यावी म्हणून तू पाठवलेली यादी मिळाली. पाच गाड्या, आणि प्रत्येकीपुढे पॉवर, टॉप स्पीड आणि शून्य ते शंभरला लागणारे सेकंद. तिन्ही रकाने अगदी दशांशापर्यंत भरलेत, मेहनत दिसते. पण यादी दोनदा वाचूनही मला हवं ते कुठे सापडलं नाही. सिग्नल सुटलाय, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आहे, डावीकडून बस अंगावर यायला लागलीये आणि तू थ्रॉटल पिळलास. त्या क्षणी यांतली कुठली गाडी खेचेल आणि कुठली नुसतीच गुरगुरेल? रस्त्यावर तू बहुतेक वेळ तिथेच असणार आहेस, तीन हजार ते सात हजारांच्या मध्ये. टॉप स्पीडचा रकाना खुशाल खोड. पाचही गाड्या तुला गरज पडेल त्यापेक्षा कितीतरी जास्त पळतात.

पॉवर म्हणजे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर, गुणिले आरपीएम, बाकी काही नाही. लहान इंजिनातून मोठा आकडा काढायचा तर ते खूप फिरवावं लागतं. तुझ्या यादीत पहिली असलेली यामाहाची आर६ घे. ५९९ सीसी, चार सिलिंडर. तिची ११८ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप) मिळते १४,५०० आरपीएमला. सगळा टॉर्क हाती यायलाही १०,५०० पर्यंत वाट बघायची आणि मिळणार ६१.७ न्यूटन-मीटर. आता त्याच कंपनीची आर७ बघ, जी तू तळाला टाकलीस. ६८९ सीसी, दोन सिलिंडर, पॉवर फक्त ७३ पीएस. पण टॉर्क ६७, आणि तो ६,५०० लाच हजर. कागदावर आर६ खूप पुढे आहे. बसच्या शेजारी मात्र ती तुला आधी गिअर उतरवायला लावेल. पहिल्याच गिअरमध्ये शंभरी ओलांडणारी गाडी आहे ती. म्हणजे तिची खरी मजा जिथे सुरू होते, तिथे तुझं लायसन्स धोक्यात येतं.

यात गाडीचा दोष नाही. सहाशे सीसीचा तो वर्ग शर्यतीसाठी वाढला. त्याच्या सुपरस्पोर्ट नावाच्या शर्यतींना १९९९ मध्ये जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला, नियमाने चार सिलिंडरला सहाशे सीसीची मर्यादा होती, आणि शर्यतीत उतरवायची तर तीच गाडी शोरूममध्येही विकावी लागे. सीसी वाढवता येत नाही म्हटल्यावर कंपन्या आरपीएम वाढवत सुटल्या. २००६ च्या आर६ची जाहिरात १७,५०० च्या रेडलाइनची, म्हणजे आरपीएमच्या वरच्या हद्दीची, होती. प्रत्यक्षात इंजिन त्याच्या हजाराहून जास्त आरपीएम अलीकडेच थांबत होतं, मीटरच पुढचं दाखवायचा. कंपनीने ते कबूल केलं आणि नाराज ग्राहकांच्या गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ते हजार आरपीएम रस्त्यावर कुणाच्या कामाचेच नव्हते, आणि तरी लोक त्यासाठी भांडले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २०२० नंतर युरोपात रस्त्यावरची आर६ विकणं बंद झालं. तिची जागा ज्या गाड्यांनी घेतली त्यांना जुने रायडर नाकं मुरडतात, ‘खऱ्या’ स्पोर्ट बाइक नाहीत म्हणतात. मीही मुरडायचो. मग एक पूर्ण दिवस एक चालवली आणि गप्प बसलो.

या नव्या गाड्यांमध्ये दोन सिलिंडरवाल्या बहुतेक २७० अंशांच्या क्रँकच्या आहेत, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर दोघांच्या जागा तेवढ्या अंतराने आहेत. आर७, सुझुकीची जीएसएक्स-८आर, एप्रिलियाची आरएस ६६०. दोन स्पार्कमधलं अंतर असमान असल्यामुळे आवाज आणि ठोका ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखा, म्हणजे दोन सिलिंडर ‘व्ही’ आकारात बसवलेल्या इंजिनासारखा येतो, आणि वळणातून बाहेर पडताना मागचं चाक काय करतंय ते हाताला छान कळतं. तिघींचे स्वभाव मात्र वेगळे. आरएस ६६० हलकी आणि तिखट, शंभरेक हॉर्सपॉवरची, वर फिरवलेली तिला आवडते. ८आर ७७६ सीसीची आणि खालून भरपूर ओढणारी, पण वजन २०५ किलो. कावासाकीच्या निन्जा ६५० ला तू यादीत घेतलंच नाहीस, बहुधा ६८ पीएस बघून. रोज कामावर जायला मी तीच घेईन. ट्रायम्फची २०२४ ची डेटोना ६६० तीन सिलिंडरची आहे. ९५ पीएस, आणि कंपनी सांगते की ऐंशी टक्क्यांहून जास्त टॉर्क ३,१२५ आरपीएमपासूनच मिळतो. तीन सिलिंडर मला नेहमीच बरोबर मधोमध वाटत आलेत. चारचा आवाजच हवा असेल तर होंडाची सीबीआर६५०आर आहे, किंवा कावासाकीची ६३६. त्या ६३६ मधले ५९९ पेक्षा जास्तीचे ३७ सीसी नेमके मधल्या आरपीएमला जरा जीव यावा म्हणून दिलेत. आवाजाच्या बाबतीत तुला नावं ठेवणार नाही. चौदा हजारांवर गेलेलं चार सिलिंडरचं इंजिन ऐकलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आता दुसरा राहिलेला रकाना, तो तुझ्या मनगटांचा.

माझी पहिली सहाशे मी तुझ्यासारखीच आकड्यांवर घेतली होती. तिसऱ्याच दिवशी एका अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेत होतो. क्लिप-ऑनवाल्या, म्हणजे दोन सुट्या आखूड हँडलच्या गाडीचं हँडल साध्या गाडीइतकं वळत नाही, हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की पूर्ण वळवलं की हँडलची मूठ टाकीच्या इतक्या जवळ येते की मध्ये अंगठा चिणला जातो. माझा डावा अंगठा अडकला, क्लच सुटला, इंजिन बंद पडलं. गाडी एका बाजूला कललेली, पुढचं चाक पूर्ण वळलेलं आणि वेग शून्य. अशा वेळी जवळजवळ दोनशे किलो एका पायावर पेलत नाहीत, कुणालाच. मी तिला हळूहळू, अगदी आदराने, रस्त्यावर निजवलं. फेअरिंगला (गाडीच्या बाहेरच्या आवरणाला) भेग, क्लच लिव्हर वाकडा, आणि मागे थांबलेल्या रिक्षावाल्याने उतरून उचलायला हात दिला. तो एक शब्दही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून शोरूममध्ये गाडीवर दोन मिनिटं बसून खूश होऊ नकोस. हेल्मेट आणि जॅकेट घालून दहा मिनिटं बस. हात हँडलवर, पाय फुटरेस्टवर, गाडी कुणाला तरी धरायला सांग. मग पोटाने आणि गुडघ्यांनी टाकी धरून दोन्ही हात हँडलवरून जरा उचलून बघ. उचलता येत नसतील तर अंगाचा भार मनगटांवर आहे, आणि पन्नासच्या वेगाला वारा तो भार उचलून घेत नाही. ट्रॅकवर दीडशेच्या पुढे वारा छातीला टेकू देतो, म्हणून तिथे ती बैठक छान वाटते. नंतर खांद्यावरून मागे वळून बघ. आरशात रस्ता दिसतो की स्वतःची कोपरं? हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळव आणि अंगठा कुठे जातो ते पाहा. इंजिन मवाळ म्हणजे बैठकही मवाळ, असं समजू नकोस. आर७चं इंजिन समंजस आहे, पण तिचे क्लिप-ऑन चांगलेच खाली आहेत आणि सीट ८३५ मिलिमीटर. निन्जा ६५० ची सीट ७९०. उंचीचा फार बाऊ करू नकोस, एक पाय नीट टेकला तरी पुरतं. पण तो पाय उतारावर आणि खडीवरही टेकायला हवा.

गरमीचंही विचारून घे. रहदारीत पंखा सुरू झाला की फेअरिंगमधली सगळी धग मांड्यांवर येते, आणि कॅटलॉगमध्ये तिचा रकाना नसतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेऊ नकोस, यावर मी वाद घालणार नाही. जुन्या सहाशे बघताना हे खास तपास. आर६ला एबीएस २०१७ पासून आलं. टायर स्पोर्ट-टूरिंग जातीचे घाल. ट्रॅकचे चिकट टायर गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत आणि कामावर जाण्याच्या अंतरात ते गरम होतच नाहीत. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर वगैरे असला तर मजा, नसला तर अडत नाही.

तुझ्या यादीतली शेवटून दुसरी, ती सेकंडहँड, जी तू शनिवारी बघायला जाणार आहेस, तिच्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो. सहाशेच्या जुन्या गाड्या एक तर जिवापाड जपलेल्या असतात नाही तर पुरत्या पिदडलेल्या. पॉलिशवर जाऊ नकोस. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फुटरेस्टच्या कडा आणि इंजिनच्या बाजूच्या झाकणांवर ओरखडे शोध. गाडी पडली तर पहिल्यांदा तीच टेकतात. हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमला जिथे अडतं तो लहानसा उंचवटा बघ. तो चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर पुढून जोरदार धडक बसलीये. मग फेअरिंग कितीही नवं असो, निघून ये. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला ने. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर स्टीअरिंगचे बेअरिंग गेलेत. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरव, तेलाचा ओशट थर लागला तर सील गळतंय. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढ, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरून चाल. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसली तरी इतक्या जुन्या रबरावर मी वळण घेणार नाही.

आणि खाली वाकून इंजिनऑइलचा ड्रेन बोल्ट बघ. त्याच्या डोक्याला आरपार बारीक भोक असेल तर तिथून कधीतरी तार ओवली होती. ट्रॅकवर बोल्ट सुटू नये म्हणून तसं करतात. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच असते असं नाही, बऱ्याचदा तिचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं. पण मालक म्हणाला की नुसती रविवारी फिरायला वापरली, तर बाकीच्या बोलण्यातलं किती खरं मानायचं ते तू ठरव.

शुक्रवारी रात्री त्याला फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्या पोचल्या, नमस्कार व्हायच्या आत, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपजवळ हात ने. टेकवू नकोस, नुसता जवळ. ऊब लागली तर त्याने आधीच फिरवून आणलीये, म्हणजे थंड इंजिनाचा धूर किंवा टायमिंग चेनचा खडखडाट तुला ऐकू येऊ द्यायचा नाहीये. मग चहा घे आणि परत ये. थंड असली तर स्टार्ट करताना मला फोन लाव आणि इंजिनाशेजारी धर. मी घरीच आहे.

तुझा,
काका