दुसरीतली तोरा आणि आईची मराठी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याहून इस्राएलला येऊन चार वर्षं झाली, लेक आता कीता बेतमध्ये म्हणजे दुसरीत. शाळेत पांढरे कपडे, डोक्यावर कागदी मुकुट घालून समारंभ झाला, तोरा, म्हणजे बायबलच्या सुरुवातीच्या पाच पुस्तकांचा आपला धर्मग्रंथ, हातात मिळाली. आणि घरी येऊन पहिलं पान उघडलं तर पोर रडवेली. वर शाळेतून चिठ्ठी, की घरी हिब्रू बोलत जा. आपल्या मराठीमुळे ती मागे पडतेय का, असं तू विचारतेस.

नाही गं. तिच्या शेजारी बसलेलं, इथेच जन्मलेलं पोरही तितकंच अडखळत असणार. रस्त्यावरची हिब्रू वेगळी आणि तोरातली वेगळी. आपल्याकडे दुसरीतल्या मुलापुढे सातशे वर्षांपूर्वीची ओवी ठेवावी, त्यातलाच प्रकार. अक्षरं ओळखीची, अर्थ लागत नाही.

मी पनवेलची, आले तेव्हा तरुण होते. पुढे बरीच वर्षं मुलांचा दुपारचा अभ्यास घेतला. मुलं अडतात ती जागा बहुतेक एकच. ‘यिक्रा’ म्हणजे ‘तो हाक मारेल’. त्याच्या आधी वाव हे अक्षर लागलं, ‘वायिक्रा’ झालं, की अर्थ ‘हाक मारली’! भविष्यकाळाचा एकदम भूतकाळ. बोलताना असं कुणीच म्हणत नाही, त्यामुळे मूल चक्रावतं. तिला सांग, हा उलट्या उडीचा वाव आहे. मग पानावर असे वाव शोधायला लाव. पहिल्याच अध्यायात ढिगाने सापडतील. चार दिवसांत तीच तुला दाखवायला लागेल.

दुसरी गंमत ‘मी’ची. वहीत प्रश्न येतो, ‘मी आमार?’ म्हणजे कोण म्हणालं? हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, ‘हू’ म्हणजे तो, आणि ‘ही’ म्हणजे ती. आपल्या पोरांना ‘ही’ फुकट मिळते, ‘मी’पाशी मात्र गोंधळ होतो. माझा थोरला पहिल्या आठवड्यात प्रत्येक ‘मी?’ला स्वतःचं नाव लिहून आला होता.

त्याच्या बाबतीत मी मोठी चूक केली. रोज जेवणाआधी एकेका शब्दाचा अर्थ पाठ करून घ्यायचे. ‘बेरेशीत बारा एलोहीम’ (आरंभी देवाने निर्माण केलं), हे पहिलं वचन सात शब्दांचं, त्यातला ‘एत’ दोनदा येतो आणि त्याला स्वतःचा अर्थच नाही, कर्माच्या आधी लागतो तो. मी मात्र त्याचाही अर्थ सांग म्हणून अडून बसायचे. महिनाभरात पोरगा पुस्तक गादीखाली लपवायला लागला.

धाकटीच्या वेळी उलट केलं. आदल्या रात्री गोष्ट मराठीतून सांगायची, तीही रंगवून. नोहा तारवातून आधी कावळा सोडतो, मग कबुतर. कबुतर एकदा तसंच परत येतं, दुसऱ्यांदा चोचीत जैतुनाचं पान, तिसऱ्यांदा परततच नाही. सकाळी वर्गात तेच हिब्रूत आलं की मुलाला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. यात नवं काही नाही. आपल्या बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, एकोणिसाव्या शतकात अब्राहाम, योसेफ यांच्या गोष्टी मराठी कीर्तनांतून ऐकल्या, टाळ वाजवत. १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासकट हगादाही, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली होती. सेदेरच्या, म्हणजे त्या वल्हांडणाच्या जेवणाच्या, रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठे उत्तर देतात. ते उत्तर कित्येक घरांत मराठीतूनच दिलं गेलं. तेव्हा चिठ्ठीने घाबरू नकोस. बाईंना भेटून एवढंच विचार, की पुढच्या आठवड्यात कुठला भाग घेणार आहात. गोष्टीची तयारी करायला तेवढं पुरतं.

मराठी बायबल वापरू का, हेही विचारलंयस. स्वतःसाठी जरूर वाच. पण वचनांचे आकडे कुठे कुठे जुळत नाहीत. उत्पत्तीच्या, म्हणजे तोरातल्या पहिल्या पुस्तकाच्या, ३१व्या अध्यायाचं शेवटचं वचन हिब्रूत ३२व्याचं पहिलं आहे. गृहपाठाला आकडा तिच्या पुस्तकातलाच घ्यायचा.

शेजारच्या हरेदी, म्हणजे कडक धार्मिक ज्यू, घरातलं पोर तिसऱ्या वर्षीच अक्षरं गिरवतं, असं लिहिलंयस. त्यांची रीत वेगळी. अक्षरांवर मध लावून चाटवतात, आणि तोरातलं पहिलं पुस्तक न घेता तिसऱ्यापासून, वायिक्रापासून सुरुवात करण्याची जुनी प्रथा आहे. अर्पणं शुद्ध, मुलंही शुद्ध, म्हणून. (हो, तोच वायिक्रा, उलट्या उडीचा.) मिश्नात, म्हणजे धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, मात्र पाचवं वर्ष सांगितलंय, आणि तालमूदात, म्हणजे त्यावरच्या चर्चेच्या ग्रंथात, यहोशुआ बेन गमला या महायाजकाने गावोगाव शिक्षक नेमले ते सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी. तिथे एका शिक्षकाला २५ मुलं म्हटलंय. आजचे वर्ग बघून मला हसू येतं. तुझी लेक सातची आहे. काही उशीर झालेला नाही.

एक बारीक गोष्ट. तिच्या पुस्तकात स्वरांच्या खुणा आहेत, सिनेगॉगमधल्या सेफेर तोरात, म्हणजे हाताने लिहिलेल्या गुंडाळीत, नसतात. ते आधीच सांगून ठेव, नाहीतर सिम्हात तोराला, म्हणजे तोराच्या सणाला, ती गुंडाळी जवळून बघेल आणि आपल्याला वाचताच येत नाही असं समजून पुन्हा रडेल. त्या दिवशी सगळ्या मुलांना एका मोठ्या तालीतखाली, म्हणजे प्रार्थनेच्या शालीखाली, उभं करतात, तिला नक्की ने. आणि पुस्तक हातातून पडलं तर रागावू नकोस. उचलून त्याचा मुका घ्यायचा. आपण पाय लागला की पुस्तकाला नमस्कार करायचो ना, तसंच.

योसेफाच्या रंगीत झग्यापर्यंत पोचलात की परत लिही. तिथे भावंडांची नावं पाठ करायची एक युक्ती आहे माझ्याकडे.