वाचकांचे प्रश्न : एझेडटीचे श्रेय नेमके कोणाचे?

मागील अंकात एचआयव्हीवरील औषधांविषयी लिहिताना, जपानी संशोधक हिरोआकी मित्सुया यांनी ‘एझेडटी’ हे पहिले औषध शोधून काढले, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : एझेडटी हे औषध मुळात कर्करोगासाठी अमेरिकेत तयार झाले होते, असे मी वाचले आहे. मग ते मित्सुया यांनी शोधले असे कसे म्हणता येईल? – एक माध्यमिक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. हे संयुग जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये डेट्रॉइट येथे तयार केले. कर्करोगाच्या पेशींना डीएनएच्या घटकासारखाच दिसणारा, परंतु सदोष घटक पुरवला तर त्यांची वाढ थांबेल, अशी त्यांची कल्पना होती. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या उंदरांवर त्याचा उपयोग झाला नाही, हॉर्विट्झ यांनी पेटंटही घेतले नाही आणि संयुग बाजूला पडले. जर्मनीत व्होल्फराम ऑस्टरटाग यांनी १९७४ मध्ये ते उंदरांमधील एका रेट्रोव्हायरसला (आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करणाऱ्या विषाणूला) रोखते असे दाखवले खरे, पण रेट्रोव्हायरसमुळे माणसाला रोग होतो हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

ते ठाऊक झाले १९८० मध्ये. त्या वर्षी रॉबर्ट गॅलो यांच्या अमेरिकेतील गटाने एचटीएलव्ही-१ हा माणसातील पहिला रेट्रोव्हायरस जाहीर केला. या विषाणूमुळे रक्ताचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे रुग्ण जपानच्या नैर्ऋत्य भागात, विशेषतः क्युशू बेटावर, फार आढळतात. मित्सुया मूळचे त्याच बेटावरचे आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षणही तेथल्याच कुमामोतो विद्यापीठात झालेले. १९८२ मध्ये ते वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत सॅम्युअल ब्रोडर यांच्याकडे गेले. एड्सचा विषाणूही रेट्रोव्हायरसच आहे हे १९८४ मध्ये पक्के झाले, तेव्हा या घराण्यातल्या विषाणूंची आणि टी-पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) त्यांना आधीपासून चांगली ओळख होती.

त्यांचे खरे काम एका चाचणीचे आहे. एचटीएलव्ही-१ चा संसर्ग झालेल्या टी-पेशी मरत नाहीत, उलट प्रयोगशाळेत सतत वाढत राहतात. अशाच एका वाणातून मित्सुया यांनी एचआयव्हीला चटकन बळी पडणाऱ्या पेशी निवडल्या. थोडक्यात, एका रेट्रोव्हायरसने अमर केलेल्या पेशी त्यांनी दुसऱ्या रेट्रोव्हायरसविरुद्धचे औषध शोधण्यासाठी वापरल्या. एका नळीत नुसत्या पेशी, दुसरीत पेशी आणि विषाणू, तिसरीत पेशी, विषाणू आणि तपासायचे संयुग, चौथीत विषाणूशिवाय पेशी आणि संयुग. काही दिवसांनी प्रत्येक नळीतील जिवंत पेशी मोजायच्या. दुसऱ्या नळीत पेशी मेलेल्या असतात. तिसरीत त्या जगल्या तर संयुग विषाणूला अडवते, आणि चौथीतही जगल्या तर ते पेशींना निदान त्या मात्रेत मारक नाही. सहकाऱ्यांना जिवंत विषाणूची भीती वाटत असल्याने हे काम मित्सुया रात्री दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन करीत.

या चाचणीत पहिल्यांदा यशस्वी ठरले ते एझेडटी नव्हतेच. आफ्रिकेतील निद्रारोगावरचे सुरामिन हे जुने औषध नळीत पेशींना वाचवते, असे त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले होते. रुग्णांवर मात्र ते अपायकारकच ठरले. त्यानंतर बरोज वेलकम या कंपनीने सांकेतिक नावाने पाठवलेल्या संयुगांत एझेडटी होते. १९८५ च्या फेब्रुवारीत त्याची चाचणी झाली आणि त्याच वर्षी ३ जुलैला पहिल्या रुग्णाला ते देण्यात आले. पुढच्या मोठ्या चाचणीत १४५ रुग्णांना एझेडटी आणि १३७ जणांना औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी दिली गेली. पहिल्या गटात एक मृत्यू झाला, दुसऱ्यात एकोणीस. तेव्हा चाचणी मुदतीआधीच थांबवून सर्वांना औषध देण्याचे ठरले. २० मार्च १९८७ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

म्हणून संयुग हॉर्विट्झ यांचे, निवड कंपनीची, आणि ते माणसाच्या पेशीत या विषाणूला रोखते याचा पुरावा मित्सुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. माझ्या मते यांतला सर्वांत अवघड भाग तिसरा होता, कारण संयुगे कपाटात पुष्कळ पडून होती; त्यांतले कोणते उपयोगी, हे विचारण्याची खात्रीची रीत नव्हती.

प्रश्न : हे औषध विषाणूला रोखते पण आपल्या पेशींना सोडते, हे कसे? – औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : ते आपल्या पेशींना पूर्णपणे सोडत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. रेट्रोव्हायरसची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) तिच्यापासून डीएनए तयार करते आणि तो डीएनए आपल्या गुणसूत्रात बसतो. एझेडटी दिसायला थायमिडिन या डीएनएच्या घटकासारखे असते, परंतु त्याच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गटाऐवजी अझाइड गट असतो. मागे जोडणी नसलेला डबा गाडीला लावला तर त्याच्यापुढे दुसरा डबा लागत नाही, त्याप्रमाणे एझेडटी साखळीत शिरले की डीएनएची वाढ तेथेच खुंटते. पेशीची स्वतःची विकरे हा फसवा घटक सहसा नाकारतात, विषाणूचे विकर मात्र तो सहज स्वीकारते. औषधाचा फायदा या फरकावर उभा आहे. परंतु मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतील) डीएनए तयार करणारे विकर तितके चोखंदळ नसते, त्यामुळे दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे स्नायू दुबळे होऊ शकतात, आणि अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तक्षय होतो. सुरुवातीच्या वर्षांत दर चार तासांनी, म्हणजे रात्री उठूनही, आजच्या दुपटीहून अधिक मात्रा घ्यावी लागे; तेव्हाचे दुष्परिणाम आजच्या मात्रेला लावून पाहणे योग्य नाही.

प्रश्न : एझेडटीनेच रुग्ण दगावले, असा संदेश मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य किती? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वर दिलेले एक आणि एकोणीस हे आकडे त्याला पुरेसे उत्तर आहेत. मात्र अशा संदेशांना एका खऱ्या गोष्टीचा आधार मिळतो. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधील ‘कॉनकॉर्ड’ चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले आणि लक्षणे नसलेल्या बाधितांना एकटे एझेडटी लवकर सुरू केल्याने तीन वर्षांत त्यांचे आयुष्य वाढत नाही, असे दिसले. विषाणू स्वतःत बदल करून एकट्या औषधाला लवकरच दाद देईनासा होतो. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हाच मृत्यू झपाट्याने घटले. गर्भवतींबाबत तर एकट्या एझेडटीचाही लाभ निःसंशय होता : १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीत बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले.

प्रश्न : सरकारी संस्थेत चाचणी झाली, तर पेटंट कंपनीला कसे मिळाले? मित्सुया यांना काय मिळाले? – निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : कंपनीने पेटंटच्या अर्जाचा मसुदा चाचणीचे निकाल येण्यापूर्वीच करून ठेवला होता. पुढे इतर औषधकंपन्यांनी ब्रोडर आणि मित्सुया हेही सहसंशोधक आहेत असा मुद्दा न्यायालयात मांडला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने बहुतेक पेटंटांच्या बाबतीत तो फेटाळला. कल्पना कंपनीच्या मनात पूर्ण झाली होती आणि चाचणीने ती केवळ खरी ठरवली, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते असेल, विज्ञानाच्या दृष्टीने मला ते पटत नाही. तपासण्यापूर्वी सुरामिनही तितकेच आशादायक होते.

बाजारात आले तेव्हा एझेडटीचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. मित्सुया आणि ब्रोडर यांनी दरम्यान डीडीआय आणि डीडीसी ही एचआयव्हीवरची आणखी दोन औषधे पुढे आणली होती. डीडीआयचा परवाना अमेरिकी सरकारने कंपनीला देताना किंमत वाजवी ठेवण्याचे कलम त्यात घातले. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. त्यामुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीला एझेडटी स्वस्तात बनवता आले आणि २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा संच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत औषधोपचार सुरू केले, तेव्हाच्या पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

प्रश्न : मित्सुया यांचे संशोधन पुढे चालू राहिले का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. अमेरिकेत स्थायिक झालेले, मूळचे कोलकात्याचे रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष यांनी रचलेले डारुनाविर हे एचआयव्हीवरचे औषध मित्सुया यांच्या चाचण्यांतून पुढे आले आणि २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. विषाणूची प्रथिने कापून तयार करणाऱ्या प्रोटिएज विकराचा जो कणा उत्परिवर्तनाने फारसा बदलत नाही, त्यालाच ते घट्ट धरते. म्हणून इतर औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूवरही ते चालते. त्यानंतरचे इस्लाट्राविर हे संयुग तर यामासा या सोयासॉस बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या सहकार्याने पुढे आले, कारण चव वाढवणाऱ्या न्यूक्लिओटाइडांच्या (डीएनए-आरएनएच्या घटकांच्या) निर्मितीमुळे त्या कंपनीकडे या रसायनांचा जुना अनुभव आहे. काही रुग्णांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटल्याने डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. मात्रा कमी करून त्या पुन्हा सुरू करण्यात आल्या.