कशाच्या जागी काय खाताय?

या वेळी पत्रांपेक्षा लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, फोटोच जास्त आलेत. कुणाचा अंगठा नेमका एचडीएलच्या ('चांगल्या' कोलेस्टेरॉलच्या) आकड्यावर, कुणाच्या फोटोत अर्धा कागद आणि अर्धी चादर. मी आहारतज्ज्ञ आहे, फोटो बघून गोळ्या ठरवणं माझं काम नाही आणि तुमच्या शेजाऱ्यांचंही नाही. पण प्रश्न फिरून फिरून तेच येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देते.

प्रश्न : दुकानदाराने 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं तेल दिलं. नेहमीच्या शेंगदाणा तेलापेक्षा महाग आहे. तेच घेत राहू का?

कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, अगदी खोबरेल आणि पाम तेलातही ते नसल्यात जमा. पिशवीवर छापलंय ते खोटं नाही, फक्त शेजारच्या न छापलेल्या पिशवीबद्दलही ते तितकंच खरं आहे. तुम्ही जास्तीचे पैसे छपाईचे दिलेत. पिशवी उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत 'सॅच्युरेटेड फॅट'ची, म्हणजे संपृक्त चरबीची, ओळ शोधा. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवतं ते हे. खोबरेल तेलात ते ९० टक्क्यांच्या आसपास, पाम तेलात जवळपास निम्मं, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, करडईत त्याहून कमी. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरा.

प्रश्न : आम्ही वर्षभरापासून लाकडी घाण्याचं तेल आणतो. त्याने वजन वाढत नाही ना?

वाढतं. घाण्याचं असो की रिफाइंड, एका ग्रॅमला ९ कॅलरी. चवीला घाण्याचं छान लागतं, हे मान्य. पण 'शुद्ध आहे' म्हणून पळी जरा सैल सुटते, हे मी रोज बघते. परवाच एक ताई सांगत होत्या, 'आमच्याकडे तेल फारच कमी लागतं.' घरात माणसं चार. पाच लिटरचा डबा कधी फोडला होता, विचारलं. आठवेना. पुढच्या वेळी डब्यावर पेनने तारीख घालून आल्या : बरोबर एक महिना पुरला. म्हणजे माणशी सव्वा लिटर, रोजचं ४२ मिली, चहाचे आठ चमचे. साडेतीनशेच्या घरात कॅलरी, मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांइतक्या, आणि त्या ताटात दिसतही नाहीत. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुष्कळ झालं. तुम्हीही डब्यावर तारीख घाला. आणि पुऱ्या तळून उरलेलं तेल परत तळणीला चढवू नका.

प्रश्न : अंड्यातला बलक खाऊ की फेकू?

मधुमेह नसेल आणि एलडीएल आटोक्यात असेल तर दिवसाला एक अख्खं अंडं खा. नाहीतर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वय ५२, बँकेत नोकरी. वर्षभर तूप, दूध, अंडी, मटण सगळं बंद आहे. सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, अकरा वाजता बिस्किटं, संध्याकाळी मोसंबीचा रस, गुरुवारी उपवास. तरी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६ आणि वजन तीन किलोंनी जास्त. आता आणखी काय सोडू?

काहीही सोडू नका. जे सोडलंत त्याच्या जागी काय येऊन बसलं ते बघा. ही माझी जुनी टकळी आहे, माझ्याकडे येणाऱ्यांना पाठ झालीय, तरी पुन्हा लावते. पोट कुणाचं रिकामं राहत नाही. एक पदार्थ गेला की दुसरा त्याच्या पाटावर बसतो, आणि रिपोर्टमध्ये उमटतो तो हा दुसरा. तुपाच्या जागी शेंगदाणा-करडईचं तेल, अक्रोड, मासे आले तर एलडीएल उतरतं. तुपाच्या जागी मैदा आणि साखर आली तर हाती काही लागत नाही. उलट, गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची आणि पिठाची यकृत चरबी करतं आणि ती रक्तात सोडतं. तेच तुमचं २८६.

खारी घ्या. मैद्याच्या पदरांत वनस्पती तूप किंवा मार्गारीन. ती खाल्ल्यावर बोटं चहाच्या कपाला लागली की कपाचा कान कसा तुकतुकीत होतो, ते बघितलंय ना? २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत २ टक्क्यांहून जास्त ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) चालत नाही, हे फार चांगलं झालं. पण बेकरीवाले तेवढंच दाखवतात. सॅच्युरेटेड फॅट आणि मैदा कुठे गेला? तिथेच आहे. एक चमचा घरचं तूप सोडून तुम्ही बशीभर वनस्पती घेतलंत, तेही पथ्य म्हणून.

मोसंबीचा रस. एका ग्लासाला तीन-चार मोसंबी लागतात. चोथा गाळणीत राहिला, साखर तुमच्या पोटात गेली. एका बैठकीत सोलून चार मोसंबी खाल्ली असतीत का? एकच खाल्ली असतीत, तीही पुरली असती.

गुरुवारचं तर काय सांगू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा. तुम्ही जेवण सोडलेलं नाही, भाकरी-आमटीच्या जागी खिचडी बसवलीत. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. उपवास करायचा तर राजगिऱ्याची भाकरी, ताक, मूठभर दाणे, एखादं फळ. एवढ्यावर दिवस निघतो.

आता अदलाबदल करा. खारीच्या जागी मोडाची मटकी किंवा मुगाचं धिरडं. अकराच्या बिस्किटांच्या जागी पेरू, नाहीतर फुटाणे. दूध परत सुरू करा, साय काढून. मेथीदाणे रात्री भिजवले की सकाळी बोटाला जी बुळबुळ लागते ना, ती कामाची चीज आहे. तसाच विरघळणारा चोथा ओट्स, जव, कडधान्यं, पेरू आणि इसबगोलात असतो. आतड्यात तो पित्ताला धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. चमत्कार होत नाही, थोडं उतरतं, पण रोज खाल्लं तरच. सकाळी चमचाभर मेथी आणि वर खारी, असं नको.

दिवसाला चहा किती आणि त्यात साखर किती, ते लिहिलं नाहीत. बँक म्हणजे चार कप धरते. दारूबद्दलही काही नाही. घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, ट्रायग्लिसराइड तिनेही चढतं. रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, थायरॉइड मंद असेल तर नुसत्या पथ्याने आकडे हलत नाहीत. आणि हे २८६ पाचशेकडे सरकलं तर गाठ स्वादुपिंडाशी आहे, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतो. आता एका जाहिरातीतली पावडरही मागवलीय, २१ दिवसांत ब्लॉकेज साफ होतात म्हणे. बरोबर घेतली तर चालेल?

लिंबूपाण्याने तहान भागते. मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात, चरबी वितळवायला म्हणून तुम्ही रोज साखरच घालताय. पावडरीचं म्हणाल तर रक्तवाहिनी म्हणजे मोरी नव्हे, ओतलं आणि वाहून गेलं असं तिथे होत नाही. डब्यावर घटक नीट लिहिलेले नसतील तर उघडू नका. लिहिलेले असतील तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा पावडरीत लाल यीस्टच्या तांदळाचा अर्क असू शकतो आणि त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळीच. तुमची गोळी आधीच चालू असेल तर नकळत डोस दुप्पट. मग स्नायू दुखायला लागले की दोष गोळीला!

प्रश्न : वय २९, शाकाहारी, सडपातळ. एलडीएल २१०. वडिलांना ४६व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. आई म्हणते, आधी सहा महिने पथ्य करून बघ, गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. काय करू?

याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. आईंना सांगा, पथ्य मीच लिहून देईन, पण तज्ज्ञांच्या चिठ्ठीबरोबर, तिच्याऐवजी नाही. कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं यकृतच बनवतं. एलडीएल १९०च्या वर आणि वडिलांना पंचावन्नच्या आत झटका, म्हणजे हे आनुवंशिक असू शकतं. असं असेल तर सडपातळ असण्याला आणि शाकाहाराला ते दाद देत नाही. नेटाच्या पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरलं तरी २१०चे १८० होतील. भावंडांचंही रक्त तपासा. सहा महिने थांबायला तुमच्याकडे कारण काय आहे? आईंची भीती. ती समजते मला, पण तज्ज्ञांसमोर बसून आईंनाच विचारू दे.

प्रश्न : दोन वेळाच जेवून नऊ किलो उतरवले, आता चार परत आले. टिकवू कसे?

नऊ किलो हलक्या शरीराला अन्नही कमी लागतं, आणि आपण मात्र 'झालं एकदाचं' म्हणून जुन्या ताटावर परत येतो. दोनदा जेवा की तीनदा, दर वेळी अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, मग भाकरी-भात. रात्रीचं जेवण लवकर. आठवड्यातून एकदा ठरल्या दिवशी वजन, महिन्यातून एकदा टेपने कंबर : पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर, त्याच्या आत. रोज अर्धा तास भरभर चाला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका.

प्रश्न : लिपिड प्रोफाइलला उपाशीपोटी जायचं का?

लॅबने सांगितलं असेल तर १० ते १२ तास. पाणी प्या. आणि तपासणीआधी आठ दिवस शहाण्यासारखं वागू नका, नेहमीचं खा. रिपोर्ट तुमचा हवाय, परीक्षेचा नको.

प्रश्न : यांचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून यांनी दीड महिन्यापासून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीय. तीन वर्षांपूर्वी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसलाय. आता आहारात काय वाढवू?

आहारात काही वाढवू नका, डॉक्टरांना फोन लावा. आज. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. स्टेंट बसलेल्याला एलडीएल इतरांपेक्षा बरंच खाली ठेवावं लागतं, त्यामुळे लॅबच्या कागदावरचं 'नॉर्मल' त्यांच्यासाठी नाहीच. पाय दुखतात, पोट बिघडतं म्हणून बंद केली असेल तर तेही सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. आणि तिकडे 'आठ-दहा दिवस चुकली' असं सांगू नका. दीड महिना म्हणा.