‘उत्परिवर्तन’, ‘जनुकीय विविधता’ आणि ‘विचलन’

प्रश्न असा आहे: ‘प्रतिजैविकाचा मारा झाल्यामुळे जिवाणूंनी उत्परिवर्तन केले आणि त्यांच्यात जनुकीय विविधता आली’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘विविधता’च्या जागी ‘विचलन’ चालेल का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उत्परिवर्तन (म्हणजे डीएनएच्या क्रमात झालेला बदल) ही घटना आहे, विविधता ही समूहाची स्थिती. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीच्या जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरी संकेताऐवजी ‘जीटीजी’ झाले, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, हे उत्परिवर्तन. आज काहींकडे या जनुकाचे ‘ए’ अलील (म्हणजे पर्यायी रूप) आहे, काहींकडे हे बदललेले ‘एस’, ही विविधता. म्हणूनच आईवडिलांकडून ‘एस’ मिळालेल्या मुलाबद्दल ‘याच्या जनुकात उत्परिवर्तन झाले’ असे लिहू नये. ते कधीच होऊन गेले आहे. मुलाला ते वारशाने मिळाले. शिवाय विविधतेचा मोठा भाग नव्या उत्परिवर्तनातून येतच नाही, लैंगिक प्रजननात जुनीच अलीले नव्या जोड्यांत एकत्र येतात त्यातून येतो.

विविधता मोजायची कशी ते एकदा पाहिले की शब्द पक्का बसतो. 100 व्यक्तींत 36 जणांकडे ‘मोठा अ–मोठा अ’, 48 जणांकडे ‘मोठा अ–छोटा अ’ आणि 16 जणांकडे ‘छोटा अ–छोटा अ’ अशा एका जनुकाच्या दोन अलीलांच्या जोड्या आहेत असे धरू. प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणून एकूण 200. त्यांपैकी ‘मोठा अ’ 72 अधिक 48, म्हणजे 120, म्हणून त्याची वारंवारता (एकूण प्रतींमधला वाटा) 0.6. उरलेली 0.4 ‘छोट्या अ’ची. पुढच्या पिढीत 0.6चे 0.5 झाले, तर त्या समूहात उत्क्रांती घडली. आकडा समूहाचा आहे, कोणा एका सजीवाचा नाही. त्यामुळे ‘तो प्राणी उत्क्रांत झाला’ ही रचना मुळातच टाळावी.

‘विचलन’ हा शब्द संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ म्हणून रुळलेला आहे, गोंधळ तिथून होतो. ‘जनुकीय विचलन’ म्हणजे मात्र निव्वळ योगायोगाने वारंवारता वर-खाली होणे. लहान समूहात त्याचा जोर जास्त: प्रजनन करणाऱ्या व्यक्ती 10 असतील, तर विषमयुग्मजी (म्हणजे दोन वेगळी अलीले असलेल्या) व्यक्तींचे अपेक्षित प्रमाण दर पिढीला विसाव्या भागाने, म्हणजे 5 टक्क्यांनी घटते, 500 असतील तर 0.1 टक्क्याने. म्हणजे विचलन विविधता खाऊन टाकते, आणि आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने लिहायला निघतो!

आता ‘मारा झाल्यामुळे’. ही या वाक्यातली सर्वांत मोठी चूक. 1943 साली लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जिवाणू अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांना जिवाणू मारणाऱ्या विषाणूंसमोर ठेवले. संपर्कामुळे प्रतिरोध येत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात काही नळ्यांतून एकही वाचला नाही, काहींतून शंभरावर वाचले. ज्या नळीत उत्परिवर्तन लवकर झाले होते, तिथे त्याची संतती आधीच वाढलेली होती. काही प्रतिजैविकांच्या ताणाने उत्परिवर्तनाचा वेग वाढतो हे खरे, पण हवे तेच उत्परिवर्तन त्यामुळे घडते असे नाही. ‘जिवाणूंनी केले’ हा कर्तरी प्रयोगही म्हणूनच सोडावा. उत्परिवर्तन होते, कोणी करत नाही.

वाक्य असे लिहावे: ‘काही जिवाणूंत प्रतिरोध देणारी उत्परिवर्तने आधीच झालेली होती, प्रतिजैविकाच्या माऱ्यात तेच तगले, म्हणून समूहात त्या अलीलांची वारंवारता वाढली.’ ‘विविधता आली’ हा तुकडा गाळलाच पाहिजे, कारण अशा कडक निवडीनंतर समूहातली विविधता बहुधा कमी होते.