फी भरायची इंदुरात, वसूल कुठे करायची?

फायनान्समध्ये दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं नोकरीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: आता एमबीए करावं का? वय पस्तीस-चाळिशीच्या मधलं, पगार बरा, काम हातात बसलेलं, आणि तरी कुठेतरी गाडं रुतलंय असं वाटत असतं. बरोबरीचा एखादा लिंक्डइनवर मोठं पद मिरवत असतो, त्याच्या नावाखाली एका बड्या संस्थेचं नाव असतं. मग पद मिळालं ते त्या संस्थेमुळेच, असं मनात घट्ट बसतं.

सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. पण इंदुरात बसून हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक गोष्ट मला वारंवार सांगावी लागते. ती एका गृहस्थांच्या निमित्ताने सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी त्यांना सगळे दादा म्हणतात, इथेही तेच म्हणू.

दादा सदतीस वर्षांचे. देवी अहिल्या विद्यापीठाचे एम.कॉम., सीएची इंटरमीजिएट पार, आर्टिकलशिप पुरी, फायनल मात्र काही अटेम्प्टनंतर सोडून दिलेली. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात फायनान्सला डेप्युटी मॅनेजर. कॉस्टिंग, जीएसटी, बँकेला दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, सीसी लिमिटचं (बँकेच्या कॅश क्रेडिटच्या मर्यादेचं) रिन्यूअल, मार्चनंतर ऑडिटरांची सरबराई, सगळं यांच्याच टेबलावरून जातं. त्यांची कंपनीची बस राऊवरून पीथमपूरच्या रस्त्याला लागते, आणि त्याच रस्त्यावर टेकडीवर आयआयएम आहे, 1996 साली सुरू झालेलं. "रोज जाता-येता दिसतं हो मॅडम," ते म्हणाले. "आधी काही वाटायचं नाही. आता नजर चुकवतो."

नजर चुकवायला कारण घडलं होतं. फायनान्स हेड रिटायर झाले. खुर्ची आपल्याकडे येणार अशी दादांची, आणि खरं तर सगळ्या डिपार्टमेंटची, समजूत होती. कंपनीने बाहेरून माणूस आणला, यांच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला पहिले दोन महिने काम समजावून सांगायचं कोणी, तर दादांनी.

पहिल्या भेटीत त्यांनी प्रॉस्पेक्टसचा गठ्ठा आणि लॅपटॉप दोन्ही आणलं होतं. लॅपटॉपवर एक्सेल शीट, तीत पाच संस्था, प्रत्येकीची फी, रँकिंग आणि "सरासरी पॅकेज". मी गठ्ठा बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, "प्लांटला नवी मशीन हवी असली तर प्रॉडक्शनवाले तुमच्याकडे काय घेऊन येतात?"

"कॅपेक्स नोट. भांडवली खर्चाचा प्रस्ताव."

"आणि तुम्ही ती कशी तपासता?"

इथे त्यांचा आवाजच बदलला. गरज काय, आत्ताची मशीन चालवून भागेल का, दुसरे पर्याय कोणते पाहिले, एकूण खर्च किती, पेबॅक, म्हणजे पैसे वसूल व्हायचा काळ, किती वर्षांचा, नाही घेतली तर काय बिघडेल, कुठे बसवणार. प्रॉडक्शनवाल्यांची अर्धी नोट आपण परत पाठवतो, हेही त्यांनी जरा ऐटीत सांगितलं. मी म्हटलं, मग आपल्या एमबीएची अशीच एक नोट लिहून आणा, आणि तुम्हीच तपासा.

फायनान्सच्या लोकांची ही एक गंमत मी बघत आलेय. कंपनीच्या दहा हजारांच्या व्हाउचरला तीन सह्या मागतील, पण स्वतःच्या पंचवीस लाखांच्या निर्णयात "सरासरी पॅकेज" हा आकडा न तपासता घेतील. सरासरी दोन-चार मोठ्या ऑफरनी फुगते, मध्यक, म्हणजे रांगेतला बरोबर मधला आकडा, बघावा लागतो, हे यांना मी सांगायचं म्हणजे काय! आणि तो मध्यकही कुठल्या वर्गाचा? दोन-तीन वर्षं अनुभवाच्या पोरांचा आकडा सदतीस वर्षांच्या माणसाला लागू होत नाही.

दुसऱ्या खेपेला नोट आली. चांगली लिहिली होती. एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम धरून फी, राहणं, किरकोळ मिळून 24 लाख. पहिल्या शीटमध्ये खर्च इथेच संपत होता. आता त्यांनी बुडणारा पगारही धरला होता, वर्षाचे हातात येणारे 13 लाख. एकूण 37. पाच वर्षांत वसूल करायचे तर आजच्यापेक्षा वर्षाला 7 लाख 40 हजार जास्त हातात पडायला हवेत, तेही कर जाऊन, आणि कर्जाचं व्याज अजून वेगळंच. 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज 10 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेसव्वीस हजार. घराचा हप्ता चालू आहेच. आयकरात या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं, रकमेची मर्यादा नाही, म्हणून पहिल्या शीटमध्ये ती त्यांनी धरून टाकली होती. नोट लिहिताना लक्षात आलं की आपण नवी करपद्धत निवडलीय, आणि ही वजावट जुन्या पद्धतीतच मिळते. ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली होती.

एक रकाना मात्र कोरा होता: कुठे बसवणार.

"इथे काय लिहायचं कळलं नाही," ते म्हणाले.

माझ्या मते सगळा निर्णय त्या रकान्यात होता. वर्षाला सात-साडेसात लाख जास्त देणारी फायनान्सची नोकरी कुठे आहे? इंदुरात आणि पीथमपुरात मिळून अशा खुर्च्या आहेत, नाहीत असं नाही. पण त्या फार थोड्या, सहसा मालकाच्या विश्वासातल्या माणसाकडे, आणि तिथला माणूस निवृत्त झाल्याशिवाय रिकाम्या होत नाहीत. एमबीएनंतर ज्या नोकऱ्यांच्या जोरावर मोठे आकडे छापले जातात, कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, मोठ्या कंपन्यांची कॉर्पोरेट ऑफिसं, त्या मुंबई, गुडगाव, बंगलोर, हैदराबादला. म्हणजे डिग्री राऊच्या टेकडीवर घेतली तरी ती वसूल व्हायची दुसऱ्या गावात, आणि त्या गावाचं घरभाडं, मुलांची शाळा, आईबाबांसाठी माणूस ठेवणं हे सगळं त्या साडेसात लाखांतून वजा होणार.

मी सरळ विचारलं, "इंदूर सोडाल?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग म्हणाले, "आई सोडणार नाही."

आईंची गोष्ट अशी. दादांचे वडील इथल्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. गिरणी बंद पडली तेव्हा दादा शाळेत जायच्या वयाचेही नव्हते. देणी अडकली, कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षं चालल्या, वडिलांनी मग दोन-तीन दुकानांच्या वह्या लिहून घर चालवलं. इंदुरात गिरणीवाल्या घरांमध्ये ही कथा थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडेल. त्या घरातून आलेली बाई चालू नोकरीचा राजीनामा हे शब्द ऐकूनच गळाठते. "पक्की नोकरी सोडून कोणी शाळेत जातं का रे या वयात?" असं त्या दादांना म्हणाल्या होत्या. दादा ते हसत सांगत होते, पण कर्जाची भीती आईची नव्हती, त्यांचीच होती, हे दोन वाक्यांनंतर त्यांनीच कबूल केलं.

तिसऱ्या भेटीला मी वहिनींना बरोबर यायला सांगितलं. त्या शाळेत शिकवतात. त्या दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत आणि मग एकच विचारलं, "यांना ती खुर्ची हवीय की त्या माणसाला दाखवायचंय?" मी असले प्रश्न इतक्या उघड विचारत नाही. बायकोला ते चालतं.

खुर्ची हवी होती, हे खरंच. मग त्या खुर्चीकडे बघणं भाग होतं. मी दादांना तीन माणसांशी बोलायला सांगितलं: गेल्या पाच-सहा वर्षांत, आपल्यासारख्याच कारखान्यात, फायनान्स हेड झालेली. संस्थांचे माजी विद्यार्थी नकोत, ते आपल्या संस्थेचं कौतुकच करणार.

तिघांपैकी दोघं सीए निघाले. हे अपेक्षितच. कायदा बघितला तर कंपनी कायदा 2013 चं कलम 203 लिस्टेड कंपन्यांना आणि 10 कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) नेमायला लावतं, पण सीएफओ सीएच असावा असं कुठे म्हणत नाही. कंपनी सेक्रेटरीला आपल्या संस्थेचं सभासदत्व लागतं, सीएफओला तसं काही नाही. प्रत्यक्षात मात्र कारखानदारीतला मालक आणि बँकर दोघंही सीए बघून निश्चिंत होतात. तिसरा एमबीए होता, पण त्याने ते नोकरीच्या सुरुवातीलाच केलं होतं आणि पुढची दहा वर्षं बँकेत कॉर्पोरेट क्रेडिटला काढली होती. तो दादांना म्हणाला, "मला घेतलं ते टर्म लोन आणता येतं म्हणून. डिग्री कोणी विचारली नाही."

या फेऱ्यांतून दादांना एक गोष्ट उमगली, ती मला सर्वांत मोलाची वाटली. बँकेला जाणारा सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी लागणारे मागचे-पुढचे आकडे, दरवर्षी तेच तयार करतात, प्रोजेक्शनचा एकेक आकडा त्यांना पाठ. पण कन्सॉर्शियमच्या, म्हणजे मिळून कर्ज देणाऱ्या बँकांच्या, मीटिंगला ते एकदाही आत बसलेले नव्हते. फाइल यांची, बोलणार साहेब. बोर्डासमोर तर प्रश्नच नाही. बाहेरून आलेला माणूस हुशार होता की नव्हता ते सोडा, त्याने बँकर्ससमोर उभं राहून तीनदा पैसा उभा केला होता, आणि ते त्याच्या बायोडाटात लिहिलेलं होतं.

वर्गात बसून हे शिकता येतं का? थोडं येतं. केस मांडणं, इंग्रजीतून ठामपणे बोलणं, मार्केटिंगवाल्याशी भांडून आपला मुद्दा पटवणं याचा सराव चांगल्या एमबीएत भरपूर होतो, आणि दादांसारख्या माणसाला त्याचा फायदा झालाच असता. पण 37 लाख खर्च करण्याआधी नव्या साहेबांना "पुढच्या मीटिंगला मला आत घ्या" म्हणून बघायला काहीच पैसे पडत नव्हते. दादांना ते जड गेलं. ज्याने आपली खुर्ची घेतली त्याच्याकडे मागायचं. दीड महिना टाळाटाळ केली, मग मागितलं. साहेब म्हणे लगेच हो म्हणाले, त्यांनाही आकडे विचारले की मागे वळून बघावंच लागत होतं.

सीए फायनलबद्दल मी विचारलं तेव्हा ते चिडले. "ते प्रकरण मिटलंय." मी फक्त एवढं सांगितलं की नवीन योजनेत पेपर आठाऐवजी सहा आहेत, परीक्षा 2025 साली तीनदा झाली, आणि पास व्हायला अजूनही प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्केच लागतात. ज्या खुर्चीसाठी तिघांतले दोघं सीए सापडले, तिच्यासाठी अर्धवट राहिलेली वाट नव्या वाटेपेक्षा जवळची असू शकते. यापुढे मी ताणलं नाही.

एचआरकडून मात्र उपयोगी माहिती निघाली. कंपनीच्या ग्रेडच्या नियमात एजीएमच्या (असिस्टंट जनरल मॅनेजरच्या) वर जायला सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा मान्यताप्राप्त एमबीए लागतं, नुसतं एम.कॉम. चालत नाही. संस्था कुठली, याबद्दल नियमात अक्षर नाही. नुसती ही चौकट भरायची असेल तर इग्नूचं एमबीए नोकरी सांभाळून लाखाच्या आत होतं, आणि यूजीसीच्या 2022 च्या खुलाशानुसार मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरायची असते. त्यातून कॅम्पसची नोकरी, ओळखीपाळखी मिळणार नाहीत. पण चौकट भरते.

मधल्या काळात त्यांना रोज कोणा ना कोणाचे फोन येतच होते. "सर, फक्त दोन सीट राहिल्यात." सहा-आठ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी नामांकित संस्थेचं प्रमाणपत्र, वर "अॅल्युमनाय स्टेटस", म्हणजे माजी विद्यार्थ्याचा दर्जा. यात गल्लत फार होते, म्हणून जरा थांबून सांगते. आयआयएम 2018 पर्यंत डिप्लोमाच देत असत, पदवी देण्याचा अधिकार 2017 च्या कायद्याने आला, त्यामुळे तिथला पूर्णवेळ डिप्लोमा कमी दर्जाचा समजू नये. पण प्रमाणपत्र हे डिप्लोमाही नाही आणि पदवीही नाही. फोन करणाऱ्याला एवढंच विचारा की हे प्रमाणपत्र, डिप्लोमा की पदवी, आणि कॅम्पस प्लेसमेंटला मला बसता येईल का, लेखी द्या. दादांनी विचारलं. पुढचा फोन आलाच नाही.

याचा अर्थ मी सगळ्यांना नको म्हणते असा घेऊ नका. त्याच सुमारास बँकेत क्रेडिटला असलेली एक मुलगी आली होती, एकोणतीस वर्षांची, सहा वर्षं नोकरी झालेली, कन्सल्टिंगमध्ये जायचं ठरवलेली. काम बदलायचं, गाव बदलायची तयारी, डोक्यावर हप्ता नाही. तिचा "कुठे बसवणार" रकाना भरलेलाच होता. तिला मी म्हटलं, जीमॅट ही प्रवेश परीक्षा द्या, स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि जितकी चांगली संस्था मिळेल तितकी बघा, इथे पैसे वाचवू नका. तिच्या घरचे लग्नाचं बघून राहिले होते, त्यांच्याशीही एकदा बोलावं लागलं. ती एमबीएला गेली.

दादांनी पूर्णवेळचा अर्ज भरला नाही. इग्नूच्या पुढच्या सत्राला नाव घातलं. कन्सॉर्शियमच्या दोन मीटिंगांना आत बसले, दुसऱ्या वेळी वर्किंग कॅपिटलचा भाग त्यांनीच मांडला, आणि एका बँकरने विचारलेल्या प्रश्नावर अडखळले, तेही त्यांनीच सांगितलं. खुर्ची अजून त्याच माणसाकडे आहे. मागच्या महिन्यात फोन आला तो वेगळ्याच कामासाठी: पुण्याच्या एका कंपनीने बोलावलंय, पगार बराच जास्त, तर आता वहिनींच्या नोकरीचं काय करायचं. शनिवारी दोघं येणार आहेत. आईंनाही आणा म्हटलंय मी.