दोनशे डॉलरचा टॅग आणि बावन्न हजारांचं अंदाजपत्रक

प्रश्न: मी आयडाहोत बॉयझीला राहतो, वय ४३, ग्रीन कार्ड आहे. पगार १,४५,००० डॉलर, पत्नी अर्धवेळ नोकरी करते. महिन्याचा खर्च ६,२००, बचत ३८,०००, घराचं कर्ज चालू आहे, आयुर्विमा फक्त नोकरीतला. ऑगस्टमध्ये कंपनीचे नऊ हजारांचे शेअर्स मिळतील. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल, मुलगा सातवीत आहे. एप्रिलमध्ये बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या शिकारीसाठी अर्ज केला होता आणि ड्रॉमध्ये चक्क माझं नाव निघालं! भाग मिडल फोर्क सॅमन नदीच्या खोऱ्यातला. हरणाच्या शिकारीला गेली काही वर्षं मित्रांबरोबर जातोय, पण हे प्रकरण वेगळं आहे. दोन मित्र सोबत येतील: एक इथलाच सहकारी, मुरलेला शिकारी, दुसरा नाशिकचा, अजून एच-१बी व्हिसावर. खर्च असा धरलाय: गाईड १४,०००, रायफल आणि स्कोप ४,२००, दुर्बिणी ३,८००, बूट-तंबू-सॅक २,६००, मेंढ्याचं डोकं भिंतीवर लावायला मढवून घेणं २,००० आणि वापरलेला पिकअप २६,०००. एकूण ५२,६००. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून ३०,००० कर्ज काढायचं आणि उरलेलं पिकअपच्या कर्जातून. लोक अशा टॅगसाठी, म्हणजे एक मेंढा मारायच्या परवान्यासाठी, लाखो डॉलर मोजतात, मला तो दोनशेच्या घरात मिळाला. मग एवढे घातले तर काय बिघडलं? पत्नी म्हणते, एवढ्या पैशात दोन्हीकडच्या आईवडिलांना इथे बोलावून फिरवून आणता येईल.

उत्तर: नमस्कार. आधी अभिनंदन, आणि मग लगेच तुमचं ते शेवटून तिसरं वाक्य, कारण सगळी गडबड तिथेच आहे.

लोक लाखो मोजतात हे खरंच. मोंटानाच्या राज्यपालांच्या कोट्यातला एक टॅग २०१३ मध्ये लिलावात ४,८०,००० डॉलरला गेला होता. पण लिलावातले असे टॅग वेगळे असतात. मुदत जास्त, फिरायला प्रदेश मोठा, आणि तो पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनासाठी जातो. पाळीव मेंढ्यांकडून आलेल्या न्यूमोनियाने पश्चिमेतले बिगहॉर्नचे कळपच्या कळप संपले. म्हणून टॅग इतके कमी निघतात आणि म्हणूनच ते भाव. तुमचा टॅग तुम्हाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मित्राच्या नावावरही करता येत नाही. म्हणजे तुमच्या ताळेबंदात त्याची किंमत शून्य आहे. मनात मात्र पावणेपाच लाखांचा आकडा बसलाय आणि त्याच्या शेजारी बावन्न हजार किरकोळ दिसतायत. लग्नात हॉलचं भाडं पाच लाख ठरलं की मग पन्नास हजारांच्या फुलांना कोणी नाही म्हणत नाही, तसंच हे.

तेव्हा लिलाव विसरा. प्रश्न एवढाच की खिशातून जाणाऱ्या प्रत्येक डॉलरने शिकारीचा योग किती वाढतो, किंवा धोका किती कमी होतो. तुमची यादी या चाळणीतून काढली तर निम्मी गळते.

पिकअप आधी काढून टाका. तुमचा भाग बराचसा फ्रँक चर्च अभयारण्यात येतो. १९८० साली काँग्रेसने कायदा करून राखलेली ती जागा आहे, तिथे मोटार चालत नाही. मोटारच काय, मटण वाहायची साधी हातगाडीसुद्धा चालत नाही, कारण तिला चाक आहे. आत जायचं तर पाठीवर ओझं घेऊन पायी, खेचरांवर, नदीतून तराफ्याने, नाहीतर कायद्याआधीपासून असलेल्या मोजक्या धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या लहान विमानाने. तुम्ही बहुतेक विमानानेच जाल. चॅलिस, सॅमन किंवा मॅकॉलच्या विमानतळापर्यंत तुमची आत्ताची गाडी मजेत पोचते. पिकअप तिथल्या पार्किंगमध्ये उभा राहील आणि त्याचा हप्ता मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या तीन वर्षांत चालू राहील. पिकअप हवाच असेल तर तो हवाय म्हणून घ्या, मेंढ्याच्या नावावर घेऊ नका.

आता ४०१(के). या कर्जाची भीती लोकांना चुकीच्या कारणाने वाटते. व्याज तुमचं तुम्हालाच परत मिळतं, त्यात फारसं वाईट काही नाही. वाईट आहे ती नोकरीची अट. नोकरी सुटली, तुम्ही सोडा किंवा ते काढोत, तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत स्वतःच्या पैशाने दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरावी लागते. नाही भरली तर ती काढून घेतली असं धरलं जातं, आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर कर भरून वर त्या रकमेच्या १० टक्के दंड. समजा तेव्हा २५,००० बाकी आहेत. २२ टक्के केंद्राचा कर, पाचेक टक्के आयडाहोचा, वर दंड, म्हणजे नऊ हजारांहून जास्त सरकारजमा. आणि हे नेमकं पगार बंद झालेल्या महिन्यांत. तुमच्या क्षेत्रात कपातीची लाट कधी येईल हे तुम्ही मला सांगाल, मी तुम्हाला सांगायला नको. निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका, यावर माझ्याकडून घासाघीस नाही.

गाईडचे १४,००० हा खरा विचार करायचा आकडा आहे. तुम्ही एकटे असता, किंवा यापूर्वी कधी डोंगरात मुक्काम केला नसता, तर मी म्हटलं असतं, बाकी सगळं कापा पण गाईड घ्या. या खोऱ्यात मेंढे विरळ आहेत. नदीपासून माथ्यापर्यंत उभा चढ, मध्ये घसरते दगड, ऑगस्टच्या शेवटी तळाशी भाजून काढणारं ऊन आणि वर रात्री बर्फ पडू शकेल असा गारठा. टॅग असूनही दर वर्षी काही जण मेंढा न मिळवता परततात. गाईड मोसमाआधीपासून कळप पाहून ठेवतो, म्हणजे तुम्ही त्याच्याकडून मुख्यतः माहिती विकत घेता. पण हीच माहिती तुमच्या हाती यायला अजून उन्हाळा बाकी आहे. जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला चार-पाच दिवस फक्त पाहायला जा. कुठल्या कड्याखाली मेंढे सावली धरतात, पाणी कुठे आटतं, वर जायची वाट कुठून निघते, हे बघून या. तुमचा सहकारी मुरलेला आहे म्हणता, त्याचं डोळ्यांखालून घालणं गाईडच्या निम्म्या कामाचं आहे. आयडाहो फिश अँड गेमच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, त्या भागातल्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. टॅगधारकांशी बोलणं त्यांच्या कामातच येतं, आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत.

गाईडऐवजी फक्त ओझं वाहायला खेचरवाला आउटफिटर मिळतो का बघा. मेंढा पडला तर खाण्याजोगं मटण बाहेर आणणं कायद्याने बंधनकारक आहे. तीसेक किलो मटण आणि वर शिंगांसकट डोकं. मोठ्या मेंढ्याची नुसती शिंगंच चौदा किलोपर्यंत भरतात. (मटण किलोला काय भावाने पडलं हा हिशेब मी केलाय. तो तुम्ही सासूबाईंसमोर करू नका.)

रायफल साधी, बोल्ट-ॲक्शन, बरा स्कोप लावून सोळाशेत होते. वाचलेले पैसे थोडे गोळ्यांच्या सरावावर घाला. दुर्बीण मात्र चांगली घ्या, हजाराच्या आसपासची, कारण दिवसाचे आठ तास तुम्ही त्यातूनच बघणार आहात आणि चांगली काच वापरूनही विकली जाते. तिपाईवरची मोठी स्पॉटिंग स्कोप सहकाऱ्याकडून मागा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: मेंढा मिळाला तर आयडाहोत रॉकी माउंटन बिगहॉर्नसाठी तुम्हाला पुन्हा अर्जच करता येत नाही. एकदाच वापरायच्या वस्तूवर हौसेची किंमत मोजू नये. बूट आणि सॅकला बाराशे ठीक आहेत, पुढे ट्रेकिंगला उपयोगी पडतील.

विमानाला मी साडेचार हजार धरतोय. तुमच्या यादीत तर ते नव्हतंच. भाडं माणशी नसतं, फेरीला असतं. पाहणीच्या दोन फेऱ्या, शिकारीच्या दोन, आणि एक जादा. जाताना तिघे आणि सॅक एका सेस्ना २०६ मध्ये मावले, म्हणून येताना तिघे, मटण, डोकं आणि ओले तंबू मावतीलच असं नाही. उन्हात हवा विरळ होते, पट्टी आखूड असते आणि वैमानिक वजनकाटा पुढे करतो. तिथे "ॲडजस्ट करा ना" चालत नाही. खाणं, पेट्रोल आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मिळून नऊशे, मटण साफ करून गोठवणं आणि कातडं सांभाळणं सातशे. एअर ॲम्ब्युलन्सची सभासदी शंभरेक. झाले दहा हजार. डोकं मढवायचं काम फ्रीझरमध्ये पुढच्या बोनसपर्यंत थांबू शकतं.

यात न दिसणारा खर्च आहे तो बिनपगारी रजेचा. पाहणीची रजा तुमच्या शिल्लक रजेतून जाईल असं धरलं तरी शिकारीसाठी एक जादा आठवडा लागेल, त्याचे २,८००. हा खर्च मी आनंदाने मान्य करीन. या खोऱ्यात जादा दिवसाइतकं शिकारीचा योग वाढवणारं दुसरं काही विकत मिळत नाही. एकूण १२,८००.

पैसे कुठून? ऑगस्टमध्ये कंपनीचे नऊ हजारांचे शेअर्स पदरात पडतायत असं तुम्ही लिहिलंय. कर कापून सहा हजारांच्या आसपास हातात येतील. ते जमा झाल्या दिवशी विका, पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर तशीही नको. उरलेले ६,८०० तुमच्या ३८,००० च्या बचतीतून. मागे ३१,२०० राहतात. तुमचा महिन्याचा खर्च ६,२०० आहे, म्हणजे पाच महिन्यांची सोय शाबूत. खड्डा भरायला गुंतवणूक खात्यात दरमहा आपोआप जाणारे १,००० सात महिने इकडे वळवा. ४०१(के) मधला कंपनीचा वाटा मिळवून देणारी तुमची कपात मात्र एका महिन्यालाही थांबवू नका.

धोक्याचं आता. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने विम्याच्या जाळ्याबाहेरची एअर ॲम्ब्युलन्स वरचं बिल तुमच्या गळ्यात घालू शकत नाही. पण तुमची डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, आणि पुढे वर्षाच्या कमाल मर्यादेपर्यंतचा तुमचा वाटा तुम्हालाच भरावा लागतो, आणि जमिनीवरच्या ॲम्ब्युलन्सला हा कायदा लागू नाही. सभासदी घेतलीत तरी ती त्याच कंपनीच्या हेलिकॉप्टरपुरती. तेव्हा एचएसएमध्ये, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या बचत खात्यात, तुमच्या डिडक्टिबलएवढी रक्कम आहे ना, एवढं जाण्याआधी पाहा. दुसरं, तुमचा आयुर्विमा फक्त नोकरीतला आहे, वर्षाच्या पगाराएवढा. दोन मुलं आणि घराचं कर्ज असताना हे फार तोकडं आहे, मेंढा असो वा नसो. वीस वर्षांचा टर्म विमा आत्ताच अर्ज करून घ्या, तपासणी आणि मंजुरीला आठवडे जातात. अर्जात साहसी छंदांबद्दल विचारलं तर जे आहे ते लिहा. पहिल्या दोन वर्षांत दावा आला तर कंपनी अर्ज उकरून काढते.

या सगळ्यात सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट तुमच्या यादीत नाही. नाशिकचे तुमचे मित्र. एच-१बीवरच्या माणसाने अमेरिकेत बंदूक बाळगणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. सवलत आहे ती कुठल्यातरी राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असलेल्याला. नसेल तर "जरा धर रे, मी वर चढतो" म्हणून रायफल हातात देणंसुद्धा त्यांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेवर पाणी फिरवू शकतं. त्यांना लायसन्स काढायला लावा. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागेल, १ जानेवारी १९७५ पासून पुढे जन्मलेल्यांना आयडाहोत तो सक्तीचा आहे. निघण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला अर्धा तास द्या, फी तुम्ही भरा. आणि लायसन्स असलं तरी तुमच्या टॅगवर गोळी तुम्हीच झाडायची. मित्राचा नेम चांगला आहे म्हणून त्याने मारला, हे इथे चालत नाही.

मित्रांच्या पैशाचंही आधीच बोलून घ्या. ते तुमच्या टॅगसाठी रजा टाकून येतायत, तेव्हा विमान आणि खाणं तुमच्याकडे. माझ्या आकड्यात ते धरलंय. पण सहकाऱ्याला दिवसाचे म्हणून पैसे देऊ नका. खर्च वाटून घेणं वेगळं. मोबदला घेऊन वाट दाखवणाऱ्याला या राज्यात परवाना लागतो, आणि परवाना नसेल तर दोघेही अडचणीत येता.

वहिनींच्या मुद्द्याबद्दल: बावन्न हजारांच्या बेतात त्या शंभर टक्के बरोबर होत्या. पावणेतेरा हजारांत दोन्ही गोष्टी बसतात, फक्त एकाच वर्षात नाही. खड्डा भरून झाला की तेच दरमहाचे हजार आईवडिलांच्या तिकिटांच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकायला लागा, आणि त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा आकडा आजच मागवा. सत्तरीपुढे तो तिकिटाच्या बरोबरीला येतो.

या आठवड्यात तीन फोन: विमानवाल्याला, विमा एजंटला आणि फिश अँड गेमला. पिकअपबद्दल नोव्हेंबरात पुन्हा लिहा, तोपर्यंत बहुधा विचारायचं राहणार नाही.