गहू इतक्यात सोडू नकोस

अगं,

तुझा आयबीएसबद्दलचा (म्हणजे तपासणीत आतड्यात काही बिघाड न दिसता पोट दुखत राहणं आणि संडास बिघडणं) मेसेज परवाच वाचला, पण रात्री अर्धवट झोपेत काहीतरी टाइप करून पाठवायचं नव्हतं म्हणून आज निवांत बसून लिहितेय. खरं सांगू का, मेसेजपेक्षा खाली जोडलेली यादीच मी जास्त वेळ बघत होते. दूध बंद, कांदा लसूण बंद, कडधान्यं बंद, फळं 'जवळजवळ सगळी' बंद, सोमवारपासून गहू पण बंद करणार, आणि शेवटी 'ताई, मग आता खाऊ काय?'. मला माझीच जुनी वही आठवली. मी पण अशीच एकेक गोष्ट काढत काढत भात, बटाटा, गाजर, अंडं आणि केळं एवढ्यावर येऊन थांबले होते, वजन उतरलं, केस गळायला लागले, आणि तरी मीटिंगच्या आधी पोटात कळ यायची ती यायचीच. म्हणजे उपाशी पण राहिले आणि पोट पण दुखलं. वर लोक म्हणायचे, वा, किती बारीक झालीस!

त्यामुळे पहिलं काम, सोमवारपासून गहू बंद करू नकोस. का ते सांगते. सिलिअ‍ॅक नावाचा एक वेगळा आजार असतो, त्यात गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनमुळे आतड्याच्या अस्तराचं खरंखुरं नुकसान होतं आणि लक्षणं मात्र बरीचशी आयबीएससारखीच असतात. त्याची रक्ताची टेस्ट असते, पण ती अँटीबॉडी (शरीराच्या प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) शोधते, आणि तू गहू खाणंच थांबवलंस तर अँटीबॉडी कमी होतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग पुढे कधी टेस्ट करायची ठरली तर परत कित्येक आठवडे गहू खाऊन मगच करावी लागते. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं, मी स्वतःच्या अकलेने आधी गहू सोडला, मग टेस्ट करायला गेले, आणि दोन महिने उगाच वाया घालवले. तर आधी टेस्ट, मग काय ते प्रयोग.

डॉक्टरांनी 'आयबीएस असेल, टेन्शन घेऊ नका' एवढं बोलून पाठवलं म्हणून तू चिडलीयस, ते बरोबरच आहे. पण निदान एवढं हवेत नसतं गं. रोम क्रायटेरिया म्हणून ठरलेले निकष आहेत, २०१६च्या आवृत्तीत ते असे आहेत. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिच्याबरोबर या तीनातल्या दोन गोष्टी: दुखण्याचा संडासला जाण्याशी संबंध, किती वेळा होते त्यात बदल, कशी होते त्यात बदल. आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. तुझ्या वर्णनावरून हे सगळं बसतंय असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही, मी फक्त हे सगळं भोगलेली बाई आहे. म्हणून परत जा आणि सरळ विचार: सिलिअ‍ॅकची टेस्ट, साधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट), आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिनची टेस्ट, जिच्यातून आतड्याला सूज आहे का ते कळतं. आणि शौचातून रक्त, न ठरवता घटलेलं वजन, अ‍ॅनिमिया, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ. तुझं वजन कमी झालंय म्हणालीस ना, मग जेवण किती कमी केलं होतंस हे पण त्यांना सांग, लाजून लपवू नकोस, नाहीतर वजन आजाराने घटलं की कमी खाल्ल्याने, हा फरक त्यांना कळणार कसा.

बरं, आता तुझा मोठा प्रश्न, 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?'. नाही. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, १० कोटींहून जास्त पेशी, आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं, दोन्ही बाजूंनी. आयबीएसमध्ये त्या बोलण्याचा आवाज वाढलेला असतो. जुने प्रयोग आहेत, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा हळूहळू फुगवायचा आणि कधी दुखतं ते विचारायचं, तर आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना इतरांपेक्षा कमी फुगल्यावरच दुखायला लागतं. म्हणजे तेवढाच गॅस तुझ्या मैत्रिणीच्या पोटात असतो, तिला पत्ताच नसतो, आणि तू बाथरूममध्ये भिंतीला टेकून उभी असतेस. दुखणं खरं आहे, फक्त ते स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, दिसत नाही. आणि पुष्कळदा हे सुरू होतं ते पोटाच्या इन्फेक्शननंतर, असं इन्फेक्शन होऊन गेलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस राहतो. माझं तसंच झालं, एका प्रवासात चार दिवस जुलाब झाले, इन्फेक्शन गेलं आणि पोट मात्र घाबरलेलं राहिलं ते राहिलंच. याने कॅन्सर होत नाही, आयुष्य कमी होत नाही. मला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता खाण्याकडे ये, पण यादीने नाही, वहीने. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त लिही. काय खाल्लं आणि किती वाजता, पोट कसं होतं, संडास कशी झाली, झोप किती झाली, त्या दिवशी डोक्यात काय चालू होतं, आणि पाळीचा कितवा दिवस. पाळीच्या आसपास त्रास वाढणं खूप कॉमन आहे, आपण मात्र बिल आदल्या दिवशीच्या जेवणावर फाडतो. संडासबद्दल लिहायला लाज वाटत असेल तर ब्रिस्टल चार्ट वापर, १ ते ७ आकडे असतात, १ म्हणजे कडक खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ छान. आकडा टाकला की झालं.

माझ्या वहीत काय निघालं माहितीये? च्युइंगम! मी ऑफिसात नर्व्हसनेस लपवायला दिवसभर शुगर फ्री गम चघळायचे, आठ-दहा सहज, आणि त्यातलं सॉर्बिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड) आतड्यात नीट शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं, बॅक्टेरिया त्याचा गॅस करतात. मी इकडे दूध, गहू, डाळ सगळ्यांना शिक्षा देत बसलेले आणि आरोपी पर्समध्ये. दुसरं निघालं ते कॉफीचं, रिकाम्या पोटी दोन मोठे मग, दुपारचं जेवण हुकलेलं, मग रात्री नऊला भसाभसा जेवण. म्हणून कुठलंही फॅन्सी डाएट करायच्या आधी ही साधी कामं कर: वेळेवर आणि थोडं थोडं जेव, बसून आणि सावकाश जेव, चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कप, सोडा आणि दारू कमी, पाणी भरपूर. कंटाळवाणं वाटेल, पण निम्म्या लोकांना पुढचं काही लागतच नाही असं माझं आपलं निरीक्षण, आकडा म्हणून धरू नकोस.

फायबर वाढव म्हणून तुला कोणीतरी कोंडा खायला सांगितलाय, तो थांबव. गव्हाच्या कोंड्याने आयबीएसमध्ये गॅस आणि दुखणं बऱ्याचदा वाढतं. विरघळणारं फायबर घे, म्हणजे इसबगोल किंवा ओट्स. इसबगोल अगदी अर्ध्या चमच्यापासून सुरू कर, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि दर काही दिवसांनी थोडं वाढव. मी उत्साहात पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले होते आणि संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं झालं होतं, तर तो शहाणपणा करू नकोस.

एवढं करून महिन्याभरात फरक नाही पडला तर मग लो फॉडमॅप डाएट. तू जी यादी डाउनलोड केलीयस ती त्याचीच आहे, पण अर्धीच. फॉडमॅप म्हणजे छोट्या आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि पुढे जाऊन आंबणारी कर्बोदकं: गहू, कांदा, लसूण यातले फ्रुक्टन्स, कडधान्यांतले गॅलॅक्टन्स, दुधातलं लॅक्टोज, सफरचंद-मधातलं जास्तीचं फ्रुक्टोज, आणि ते सॉर्बिटॉल मंडळ. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे डाएट बनवलं आणि त्यांनी त्याचे तीन टप्पे ठेवलेत. पहिला, सगळं कमी करायचं, २ ते ६ आठवडे फक्त. दुसरा, एकेक गट परत आणून बघायचा, तीन दिवस, रोज थोडी मात्रा वाढवत, मग दोन-तीन दिवस सुट्टी, मग पुढचा गट. तिसरा, जे सोसतं ते सगळं कायमचं ताटात परत. इंटरनेटवर सगळे पहिल्याच टप्प्यावर घर बांधून राहतात! मी चौदा महिने राहिले. वर्षानुवर्षं तसं राहिलं तर आतड्यातले चांगले बॅक्टेरिया पण उपाशी मरतात, कारण त्यांचं खाणं तेच असतं. शेवटी एका डायटिशियनने माझ्याकडून परत आणणं सुरू करून घेतलं, तेव्हा कळलं की मला दुधाचा काहीही प्रॉब्लेम नाही, कडधान्यं अर्धी वाटी चालतात, कांदा मात्र खरंच चालत नाही. चौदा महिने दूध उगाच सोडलेलं! मात्रेचा खेळ आहे सगळा, 'चालतं' आणि 'चालत नाही' असे दोनच कप्पे नसतात.

एक छोटी युक्ती, फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या अख्ख्या परतायच्या, वास उतरला की काढून टाकायच्या आणि मग पुढचा स्वयंपाक करायचा. लसणाची चव मिळते आणि पोट शांत राहतं. पण रस्सा करून नंतर लसूण काढलास तर उपयोग नाही, तोवर ते पाण्यात उतरलेलं असतं.

आणि एक हळूच सांगते, ताटाकडे बघूनच तुला धडधडायला लागलं असेल, कोणाकडे जेवायला जाणं बंद झालं असेल, तर हे कडक डाएट तू करूच नकोस, तुझ्यासाठी ते औषध नाही. डायटिशियनला तसं स्पष्ट सांग. आणि हो, रक्तावरून 'फूड सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या त्या महागड्या आयजीजी (एका प्रकारच्या अँटीबॉडीच्या) टेस्ट, त्यात पैसे घालू नकोस. आयजीजी दिसते म्हणजे तो पदार्थ तू खातेस, एवढाच अर्थ.

आता टेन्शन. 'रिलॅक्स हो' म्हणणाऱ्याला मारावंसं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण एक गोष्ट मी फार उशिरा बघितली. मी घराबाहेर पडायच्या आधी चार वेळा जाऊन यायचे, लागली नसली तरी, 'सेफ्टी' म्हणून. कुठेही गेले की आधी टॉयलेट शोधायचे, मीटिंगमध्ये दाराजवळचीच खुर्ची पकडायचे. हे सगळं सांभाळणं वाटतं, पण त्यातून पोटाला रोज एकच निरोप जातो, की बाहेर धोका आहे. मग मी चाराचे तीन केले, दोन आठवड्यांनी दोन, आणि ते दोन आठवडे भयंकर गेले, खोटं नाही बोलणार. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) करणारे थेरपिस्ट हेच करून घेतात, नीट पद्धतशीर, आणि आयबीएसवर त्याचा उपयोग होतो हे ट्रायल्समध्ये दिसलेलं आहे. पोटावर लक्ष केंद्रित करणारी हिप्नोथेरपी पण असते, हसू नकोस, मँचेस्टरच्या डॉक्टर व्होरवेल यांनी १९८४ साली तिची ट्रायल लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापली होती आणि आजही ती गाइडलाइन्समध्ये आहे.

रोजच्यासाठी श्वास पुरे. एक हात छातीवर, एक बेंबीवर, श्वास घेताना फक्त खालचा हात वर यायला हवा, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. पण कळ आल्यावर पहिल्यांदा करायला जाऊ नकोस, तेव्हा जमत नाही, मग 'याने काही होत नाही' म्हणून सोडून देशील. आधी महिनाभर बऱ्या दिवशी कर. मी सकाळी संडासला जायच्या आधी करायचे, कारण नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा घाई न करता दहा मिनिटं मिळाली पाहिजेत, त्यासाठी वीस मिनिटं लवकर उठावं लागलं तरी चालेल. मोबाइल बाहेर ठेवून जा. पायाखाली छोटा स्टूल घे.

गोळ्यांबद्दल विचारलंयस. पेटके थांबवणारी औषधं, पेपरमिंट तेलाच्या कोटेड कॅप्सूल (चावायच्या नाहीत, छातीत जळजळ होते) हे सगळं डॉक्टरांना विचारून चालतं. त्यांनी अमिट्रिप्टिलिन अगदी कमी डोसमध्ये लिहून दिलं तर 'मला वेडं समजतात' म्हणून रुसू नकोस, ती डिप्रेशनची जुनी गोळी असली तरी १० ते ३० मिलिग्रॅममध्ये ती आतड्याच्या नसांचा आवाज कमी करायला देतात, २०२३ साली ब्रिटनमध्ये त्याची मोठी ट्रायल झाली आणि फायदा दिसला.

तर आत्ता एवढंच कर. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, पर्समधले गम बघ, आणि आज रात्रीपासून वही सुरू कर. दोन आठवड्यांनी पानांचे फोटो काढून मला पाठव, अक्षर घाण असलं तरी चालेल, माझं तर स्वतःलाच वाचता यायचं नाही. तोपर्यंत रोजचं जेवण चालू ठेव, गव्हासकट.

तुझी,
ताई